सातबाऱ्यापाशी अडलेला वाटा

उसाचे बिल हातात पडले की कोल्हापूर जिल्ह्यातला शेतकरी आधी दर बघतो आणि मग वजावट. वजावटीत तोडणी-वाहतुकीची ओळ सर्वांत जड असते. केंद्र सरकार एफआरपी, म्हणजे रास्त व किफायतशीर दर, ठरवते ती कारखान्याच्या दारात पोहोचलेल्या उसाची. इथे ऊस तोडून नेण्याची व्यवस्था कारखाना करतो, म्हणून तो खर्च एफआरपीतून वळता होतो आणि राहिलेली रक्कम शेतकऱ्याच्या खात्यावर जमा होते. २०२५-२६ च्या हंगामाला एफआरपी होती क्विंटलला ३५५ रुपये, १०.२५ टक्के साखर उताऱ्यासाठी. कोल्हापूरचा उतारा बाराच्या घरात, त्यामुळे इथला आकडा बराच वर जातो. ज्या मजुराने पहाटे अंधारात फडात उतरून हा ऊस तोडला, मोळ्या बांधल्या, डोक्यावरून ट्रॉलीत भरल्या, त्याची मजुरी त्या वजावटीच्या ओळीत आहे. मजुराला वाढ द्यायची म्हटली की ती शेतकऱ्याच्या बिलातून जाणार, आणि शेतकऱ्याच्या हातात जास्त पडायचे तर मजुरी दाबलेली बरी. दोन एकरवाला शेतकरी आणि त्याच्याहून गरीब मजूर यांना समोरासमोर उभे करणारी ही मांडणी कुणी दुष्टाव्याने केलेली नाही, ती हिशेबाच्या रकान्यांतून आपोआप झाली आहे. जगातली श्रीमंत-गरिबांतली दरी वाढते कशी आणि कमी होते कशी, याचे उत्तरही बहुतेक वेळा अशाच रकान्यांत सापडते. दानत किंवा कष्टाळूपणा यांचा त्यात वाटा असतो, पण फार थोडा.

२०२२ च्या जागतिक विषमता अहवालानुसार जगातल्या वरच्या १० टक्के लोकांकडे एकूण संपत्तीचा ७६ टक्के हिस्सा आहे आणि खालच्या निम्म्या लोकसंख्येकडे २ टक्के. भारतात २०२२-२३ साली वरच्या एका टक्क्याकडे देशाच्या उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि संपत्तीचा ४०.१ टक्के हिस्सा होता, असा अंदाज त्याच अभ्यासगटाने २०२४ मध्ये मांडला. असे आकडे आपण वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो. त्यातली खरी गोम उत्पन्न आणि संपत्ती यांच्या फरकात आहे. जगातल्या खालच्या निम्म्या लोकांना उत्पन्नाचा साडेआठ टक्के हिस्सा मिळतो, संपत्तीचा मात्र दोनच. रोजच्या कमाईत दरी आहेच. मालकीत ती त्याच्या कितीतरी पट आहे. नुसते हात विकून जगणाऱ्याची मजुरी वाढली तरी ज्याच्याकडे यंत्र, जमीन, शेअर किंवा इमारत आहे त्याची मिळकत त्याहून वेगाने वाढत राहते. म्हणून जिथे संपत्ती तयार होते तिथेच, तिच्या वाटपाच्या नियमात, गरिबाचा हिस्सा लिहिला गेला तर दरी टिकाऊपणे कमी होते. नंतर वरून मदत टाकून ती फारशी हलत नाही. हे सिद्ध करायला लांब जायचे कारण नाही. कोल्हापूरने हा प्रयोग निदान दोनदा केला आहे, दोन्हीदा तो बऱ्यापैकी साधला आहे, आणि दुसऱ्यांदा तो एका ठरावीक जागी येऊन थांबला आहे.

पहिला प्रयोग राजर्षी शाहू महाराजांचा. १८९४ साली ते गादीवर बसले तेव्हा संस्थानाच्या कारभारातल्या ७१ अधिकारपदांपैकी ६० पदे ब्राह्मणांकडे होती. २६ जुलै १९०२ रोजी करवीर गॅझेटात आदेश निघाला की यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागास वर्गांतून भरायच्या. १९१२ पर्यंत ९५ पदांपैकी ब्राह्मणांकडे ३५ उरली. आज आरक्षणावर एवढी धूळ उडते की या आदेशाचे आर्थिक अंग झाकून जाते. संस्थानात सर्वांत मोठा रोख पगार देणारी संस्था म्हणजे संस्थानच. त्या पगाराच्या वाटपाचा नियम महाराजांनी बदलला. गोरगरिबांना शिधा वाटणारे राजे आपल्याकडे पुष्कळ होऊन गेले. नोकरभरतीच्या रकान्यात हात घालणारा विरळा. आणि नुसता आदेश काढून ते थांबले नाहीत. जागा राखून ठेवल्या तरी त्या भरणारा शिकलेला तरुण कुठून आणायचा? त्यासाठी १९०१ चे व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, १९०८ चे मिस क्लार्क वसतिगृह आणि जातीजातींची इतर बोर्डिंगे उभी राहिली. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे झाले, मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड लागला. खेड्यातल्या पोराला शहरात अंथरूण-पांघरूण आणि दोन वेळचे जेवण मिळण्याची सोय करणे हा त्या काळातला अर्थशास्त्राचा मोठा निर्णय होता.

दुसरा प्रयोग सहकाराचा. प्रवरानगरला १९५० मध्ये विठ्ठलराव विखे-पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी वाट पाडली. पंचगंगा खोऱ्यात रत्नाप्पाण्णा कुंभार, वारणेला तात्यासाहेब कोरे आणि त्यांच्यासारख्या इतरांनी ती रुंद केली. गुऱ्हाळाला किंवा खासगी मिलला ऊस घालून मालक देईल तो भाव घेणारा शेतकरी इथे कारखान्याचा सभासद झाला. एका सभासदाला एक मत, मग त्याचा ऊस दहा टन असो की हजार टन, आणि दोघांनाही टनाचा दर एकच. भांडवलाच्या जगात ही फार मोठी गोष्ट आहे, सवयीमुळे आपल्याला तिचे काही वाटत नाही. पुढे १९६३ मध्ये जिल्हा दूध संघ, म्हणजे आपले गोकुळ, आले. दूध संस्थेचा सभासद व्हायला सातबारा लागत नाही, दावणीला एक म्हैस पुरते. सकाळ-संध्याकाळ डेअरीत किटली रिकामी करायची, फॅट आणि एसएनएफ लावून दर निघतो, दहा दिवसांनी बिल मिळते, आणि दिवाळीच्या तोंडावर वर्षभराच्या नफ्यातला फरक खात्यावर येतो. अलीकडच्या वर्षांत हा फरकच शंभर कोटींच्या वर गेला आहे. फरक म्हणजे बोनस नव्हे, कुणाची मेहेरबानी तर नव्हेच. दूध घातले म्हणून नफ्यात असलेला तो हक्काचा वाटा आहे. कोल्हापूरच्या गावागावांत दिवाळीत कपड्यांच्या दुकानासमोर जी गर्दी असते तिच्यात या फरकाचा हात मोठा.

मात्र साखर कारखान्याच्या सभासदत्वाला सातबारा लागतो आणि नेमके तिथेच समतेचे पाऊल अडले. बीड, अहिल्यानगर, जालना, धाराशिव या भागांतून दसरा-दिवाळीनंतर निघालेल्या टोळ्या चार-पाच महिने इथे राबतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत सुटका नाही. करार होतो कारखाना आणि वाहतूकदार यांच्यात, वाहतूकदार आणि मुकादम यांच्यात; मजुराचे नाव कारखान्याच्या दप्तरी येतच नाही. त्यामुळे प्रॉव्हिडंट फंड, विमा, ग्रॅच्युइटी हे शब्द त्याच्यासाठी नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी झालेल्या समझोत्यात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. वाढ लहान नाही. पण एक कोयता दिवसाला साधारण दोन टन ऊस तोडतो असे धरले तर दोन माणसांच्या बारा-चौदा तासांचे सव्वासातशेच्या आसपास रुपये होतात, आणि एक दिवस आजारी पडले तर खाडा. या खाड्याच्या भीतीने काय होते ते २०१९ मध्ये बीडमधून बाहेर आले. सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीचे दिवस आणि अंगावरची दुखणी परवडत नव्हती म्हणून शरीराचा एक भागच काढून टाकायचा, ही वेळ सहकाराने समृद्ध झालेल्या पट्ट्यात राबणाऱ्या बायांवर येते. कोयत्याच्या हिशेबात बाईचे वेगळे नाव नसते, उचलही नवऱ्याच्या नावावर असते.

सभासदांपुरती समता आणि दाराबाहेर जुनाच व्यवहार, हा दोष एकट्या कोल्हापूरचा नाही. स्पेनमधल्या बास्क प्रांतात १९५६ पासून मोंद्रागोन नावाचा सहकारी उद्योगसमूह उभा राहिला. तिथे कामगारच मालक असतात आणि सर्वांत वरच्या व सर्वांत खालच्या पगारातले अंतर साधारण सहा पटींच्या आसपास ठेवले जाते. जगभरचे अभ्यासक तिथे तीर्थयात्रेला जातात. पण याच समूहाने परदेशांत कारखाने काढले तेव्हा तिथले बहुतेक कामगार सभासद झाले नाहीत, पगारी नोकरच राहिले. जो दाराच्या आत आला त्याची दरी कमी झाली, जो बाहेर राहिला त्याची तशीच राहिली. त्यामुळे सहकार फसला असा निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही. वाटपाच्या नियमाची ताकद किती मोठी आणि त्याची हद्द कुठे संपते, हे दोन्ही यातून दिसते.

पहिला आक्षेप ठरलेला आहे: आधी भाकरी मोठी होऊ द्या, मग वाटू. त्यात तथ्य नाही असे कुणी म्हणू नये. १९९० नंतरच्या तीस वर्षांत जगातली टोकाची गरिबी एक तृतीयांशाहून अधिक होती ती दहा टक्क्यांच्या खाली आली आणि त्यात चीनच्या वाढीचा वाटा सर्वांत मोठा. देशादेशांतले अंतरही त्यामुळे कमी झाले. पण देशाच्या आतले अंतर त्याच काळात चीनमध्येही वाढले आणि भारतातही. साखरेच्या बाबतीत तर भाकरी डोळ्यांदेखत मोठी झाली आहे. एके काळी साखर आणि मळी एवढाच माल होता. आता इथेनॉल आहे, बगॅसपासून वीज आहे, पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्यापर्यंत मजल गेली आहे. या वाढीव उत्पन्नातला वाटा शेतकऱ्यानेही भांडून मिळवला. रंगराजन समितीने २०१२ मध्ये साखर आणि उपपदार्थांच्या उत्पन्नातला ७० टक्के हिस्सा उसाला द्यावा असे सुचवले, महाराष्ट्राने २०१३ मध्ये त्यासाठी कायदा केला, आणि तरीही नोव्हेंबर २०२३ मध्ये शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग अडवल्यावर आदल्या हंगामातल्या उसाचे टनाला आणखी पन्नास-शंभर रुपये कबूल झाले. वाढीतून वाटा आपोआप झिरपत नाही हे जयसिंगपूरच्या ऊस परिषदेला जाणाऱ्या शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. मग तोच नियम तोडणी मजुराला लावताना आपण कचरतो का?

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. सहकाराची काय अवस्था झाली ते बघा, असे म्हटले जाते. कारखाने घराण्यांच्या ताब्यात गेले, संचालक मंडळाची निवडणूक म्हणजे आमदारकीची रंगीत तालीम, सभासद नावाला उरला. २००० नंतर राज्यात अनेक आजारी सहकारी कारखाने लिलावात निघून खासगी मालकांकडे गेले, ते आजारी कसे पडले याचे पाढे सर्वांना माहीत आहेत. हे सगळे खरे आहे. तरीही कारखाना खासगी झाल्यावर सभासदाच्या हातून काय गेले ते पाहावे: मत गेले, वार्षिक सभेत उभे राहून ताळेबंदावर प्रश्न विचारण्याचा अधिकार गेला. तो अधिकार आजही अनेक ठिकाणी गोंधळात, पाच मिनिटांत ‘मंजूर, मंजूर’च्या आरोळीत वाया जातो, हे मान्य. पण हक्क वाया घालवणे आणि हक्क नसणे यांत फरक आहे, आणि ज्याच्याकडे तो कधी नव्हताच त्या मजुराला हा फरक आपल्याहून चांगला कळतो.

पैसे कुठून आणायचे, हा तिसरा प्रश्न, आणि कारखानदारांचे म्हणणे सरसकट झिडकारण्यासारखे नाही. साखरेची किमान विक्री किंमत २०१९ पासून किलोला ३१ रुपयांवर अडकली, एफआरपी दरवर्षी वाढत गेली, कर्जाचे हप्ते आहेत. म्हणूनच ठोक रकमेपेक्षा उत्पन्नातला टक्का अधिक न्याय्य ठरतो. साखर पडली तर तो आपोआप खाली येतो. हिशेब करून पाहू. बारा टक्के उताऱ्याने एका टनाची १२० किलो साखर होते. किलोला ३६ रुपये धरले तर ४,३२० रुपये. उपपदार्थ बाजूला ठेवले तरी याचा एक टक्का म्हणजे टनाला ४३ रुपये. राज्यात बऱ्या हंगामात दहा कोटी टनांच्या आसपास ऊस गाळला जातो. उतारा सगळीकडे बाराचा नाही, म्हणून थोडी घट धरली तरी चारशे कोटींच्या आसपास रक्कम उभी राहते. सध्या गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनाला दहा रुपये द्यायचे आणि सरकारने तेवढीच भर घालायची, असा निर्णय २०२१ मध्ये झालेला आहे. त्या पैशांतून संत भगवानबाबा वसतिगृहांसारख्या चांगल्या योजना निघाल्या. मजुराचे पोर फडावर न येता गावात राहून शिकावे, हा विचार थेट शाहूंच्या बोर्डिंगाच्या कुळातला आहे. पण दहा रुपये ही कल्याणाची पट्टी झाली. ती सरकारच्या मर्जीवर वाढते, घटते, थकते. एक टक्का हा हिस्सा असेल तर त्यावर मजुराला हिशेब मागता येईल, खाड्याच्या दिवसांचा विमा आणि भविष्य निर्वाह निधी त्यातून चालेल, आणि मुख्य म्हणजे तो शेतकऱ्याच्या बिलातल्या वजावटीत न घालता कारखान्याकडे राहणाऱ्या ३० टक्क्यांतून काढता येईल. दोघांना एकमेकांसमोर उभे करणारा रकाना तिथे तुटतो.

श्रीमंत लोक कायदा चुकवतात, भांडवल पळून जाते, असेही म्हणतात. महाराष्ट्राचा अनुभव वेगळे सांगतो. तासगाव तालुक्यातले वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली, १९७७ मध्ये कायदा झाला. तिचा खर्च भागवण्यासाठी १९७५ पासून शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला. गावात खडी फोडणाऱ्याला काम मिळावे म्हणून शहरातला कारकून पगारातून पैसे देतो, ही व्यवस्था पन्नास वर्षे चालली, कुणी पळून गेले नाही. गंमत अशी की राज्यघटनेतल्या मर्यादेमुळे हा कर वर्षाला २,५०० रुपयांच्या वर जाऊ शकत नाही. त्यामुळे महिना अकरा हजार मिळवणारा सेल्समन आणि महिना अकरा लाख मिळवणारा त्याच कंपनीचा संचालक सारखाच व्यवसाय कर भरतात. बदल करायचा तर इथून सुरुवात करावी. वरच्या टोकाला तर आपण उलटीच वाट धरली: वारशावरचा मालमत्ता कर १९८५ मध्ये गेला, संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला, कारण त्यातून जेमतेम हजार कोटी यायचे. इतके कमी का यायचे याचा शोध घेण्याऐवजी करच काढला. २०२४ मध्ये ब्राझीलच्या पुढाकाराने जी-२० पुढे सुमारे तीन हजार अब्जाधीशांवर वर्षाला दोन टक्के किमान कर लावण्याचा प्रस्ताव आला, अर्थतज्ज्ञ गाब्रिएल झुकमान यांनी मांडलेला. पळवाट बुजवायला सर्व देशांनी एकत्र यावे लागेल एवढे खरे. पण मोठ्या कंपन्यांवर १५ टक्के किमान कराला २०२१ मध्ये १३६ देश तयार झाले होते, म्हणजे हे अशक्यातले नाही.

आता राहिला हार्वेस्टर. यंत्र येतेच आहे, मग मजुराच्या वाट्याची चर्चा कशाला, असा सवाल कारखान्याच्या आवारात ऐकू येतो. एका यंत्राची किंमत कोटीच्या घरात, सरकारी अनुदान ३५ लाखांपर्यंत. लहान तुकड्यांच्या, पाणथळ शेतात ते सगळीकडे चालणार नाही, पण हळूहळू वाढेल हे उघड आहे. तेव्हा प्रश्न यंत्राला विरोध करण्याचा नाही, ते कुणाच्या मालकीचे असेल हा आहे. आज ज्याला बँक कर्ज देते तोच अनुदान घेतो, म्हणजे जो आधीच वर आहे तोच आणखी वर जातो. तेच अनुदान तोडणी मजुरांच्या सहकारी संस्थेला अग्रक्रमाने दिले आणि कारखान्याने पाच वर्षांच्या तोडणीची हमी दिली, तर दहा-पंधरा कोयते मिळून एका यंत्राचे मालक होऊ शकतात. शेतकऱ्याने कारखान्याचे शेअर घेतले तेव्हा त्याच्याकडेही भांडवल नव्हतेच. सरकारचे भागभांडवल आणि हमी यांवरच ती उभारणी झाली.

तोडणी दराचा २०२४ मध्ये झालेला समझोता तीन हंगामांपुरता होता. पुढच्या वाटाघाटींत टनाच्या दराबरोबर उत्पन्नातल्या टक्क्याचा मुद्दा मांडला गेला पाहिजे, आणि त्याची तयारी कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वार्षिक सभांत करता येईल. १९६० च्या सहकारी संस्था कायद्यात नाममात्र सभासदाची तरतूद आहे. त्याला मत नसते, पण नाव दप्तरात येते; मुकादमाच्या वहीतून कारखान्याच्या नोंदवहीत जाण्याची ती पहिली पायरी ठरेल. अर्थात हा विषय ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणाऱ्या विषयां’त बसणारा नाही. पोटनियम दुरुस्तीला हजर सभासदांपैकी दोन तृतीयांशांचे मत लागते, पुढे सहकार खात्याची मंजुरी लागते, आणि तो विषय सभेच्या नोटिशीत आधीच छापावा लागतो. तो छापायला लावण्याचा अधिकार आज दोन एकरवाल्या सभासदाकडेच आहे.